रणगाडा कसा अडतो?

हिंगोली शहरात रिसाला बाजार नावाचा भाग आहे. पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावेही तेथे रोजच्या बोलण्यात ऐकू येतात. बाजाराला 'रिसाला' असे नाव का पडावे? उर्दूत रिसाला म्हणजे मासिक किंवा नियतकालिक, हे तुम्हांला माहीत आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ घोडदळाची तुकडी असा आहे. निजामाच्या राज्यात एक वेगळी फौज होती. तिचा खर्च निजाम करी आणि तिचे अधिकारी इंग्रज असत. पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. या फौजेची एक छावणी 1819 पासून 1903 पर्यंत हिंगोलीला होती. वऱ्हाडची सीमा जवळ असल्यामुळे हे ठिकाण फौजेला सोयीचे वाटले. छावणी गेली, घोडे गेले, पण नावे मात्र मागे राहिली.

या फौजेतील दोन रिसाले पुढे एकत्र आले आणि 1921 साली त्यांची एक रेजिमेंट झाली. तिला आज आपण डेक्कन हॉर्स या नावाने ओळखतो. नावात हॉर्स म्हणजे घोडा आहे, पण या रेजिमेंटकडे आता घोडे नाहीत, रणगाडे आहेत. घोडा आणि रणगाडा यांत फरक खूप आहे. तरीही दोघांना अडवण्याचा विचार एकाच वाटेने पुढे गेला आहे. तो विचार समजून घेण्यासाठी या रेजिमेंटची सोबत आपल्याला चांगली उपयोगी पडेल.

आपल्या मराठवाड्यात जुने किल्ले पुष्कळ आहेत. दौलताबाद, परांडा किंवा नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला पाहिलात, तर तटाबाहेर खोल खंदक दिसतो. खंदक हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. घोडेस्वार कितीही वेगाने आला, तरी खंदकापाशी त्याला थांबावेच लागे. हत्तीने दरवाजाला धडक देऊ नये म्हणून दरवाजावर लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले असत. दौलताबादच्या दरवाजांवर ते आजही पाहायला मिळतात. हत्ती हा त्या काळचा रणगाडाच होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे स्वार हातात भाले घेऊन शत्रूवर चालून गेले. समोर मशीनगन होत्या, काटेरी तारा होत्या, खणलेले चर होते. अशा ठिकाणी घोड्याचा निभाव लागणे कठीण होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 15 सप्टेंबर 1916 रोजी, याच लढाईत इंग्रजांनी जगातील पहिले रणगाडे मैदानात आणले. तारा तुडवत आणि चर ओलांडत जाणारी ही लोखंडी पेटी पाहून जर्मन सैनिक गोंधळून गेले.

पण गोंधळ फार दिवस टिकत नाही. रणगाड्याला ओलांडता येणार नाहीत इतके रुंद चर जर्मनांनी खणले. यावर इंग्रजांनी काढलेला उपाय एखाद्या शेतकऱ्यालाही सहज सुचला असता. त्यांनी काटक्यांच्या प्रचंड मोळ्या साखळीने बांधल्या आणि त्या रणगाड्यांच्या पाठीवर ठेवल्या. चर आला की मोळी त्यात टाकायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचे. नोव्हेंबर 1917 मध्ये कांब्रे येथे सुमारे पावणेपाचशे रणगाडे अशा तयारीने पुढे गेले. त्यांनी चर ओलांडले. पुढे मास्निएर या गावी मात्र एक कालवा आडवा आला. त्याच्या पुलावर एक रणगाडा चढला आणि त्याच्या वजनाने पूलच कोसळला. वाट मोकळी झाली की पुढे दौडत जाण्यासाठी तेथे घोडदळ आणलेले होते. त्यात डेक्कन हॉर्सही होती. त्या दिवशी घोडदळाला हवी होती तशी वाट मोकळी झाली नाही.

रणगाडा कशामुळे अडतो हे कळण्यासाठी तो कसा चालतो हे आधी पाहिले पाहिजे. त्याचे वजन चाळीस-पन्नास टन असते, कधी त्याहूनही अधिक. एवढे वजन चाकांवर ठेवले, तर चाके जमिनीत रुततील. म्हणून चाकांच्या खाली लोखंडी साखळीचे दोन लांब, रुंद पट्टे असतात. सगळे वजन या पट्ट्यांवर पसरते. त्यामुळे जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोच्या आसपासच भार पडतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत भरलेली बैलगाडी आसापर्यंत रुतते, कारण तिचा सगळा भार चाकांच्या अरुंद धावांवर येतो. रणगाडा मात्र नांगरलेल्या शेतातून सहज निघून जातो.

पण त्याच्या ताकदीला मर्यादा आहेत. मध्यम रणगाडा साधारण अडीच मीटर रुंदीचा चर ओलांडतो. जेमतेम एक मीटर उंचीची उभी भिंत तो चढतो. पाणी एक-सव्वा मीटरपर्यंत असेल, तर विशेष तयारी न करता तो पार होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रणगाड्याचे चिलखत सगळीकडे सारखे जाड नसते. समोर ते सर्वांत जाड असते, बाजूला कमी आणि पोटाखाली तर फारच पातळ. रणगाडा उंचवट्यावर चढू लागला की हे पोट उघडे पडते. अडथळे तयार करणारे लोक या सर्व मापांचा आधी हिशेब करतात.

साधा खंदक घ्या. तो तीन-चार मीटरांहून रुंद असला पाहिजे आणि त्याची आपल्याकडील बाजू उभी असली पाहिजे. शत्रूकडील बाजू उतरती असली तरी चालते. रणगाडा आत उतरतो, पण समोरची भिंत त्याला चढता येत नाही. खणलेली माती आपल्या बाजूला टाकली की आयताच बांध तयार होतो. भारताच्या पश्चिम सीमेवर पंजाबात असे खंदक आणि बांध अनेक ठिकाणी आहेत. सैनिक त्यांना डी.सी.बी. म्हणतात. त्याचा अर्थ साधा आहे : खंदक आणि त्याला लागून बांध.

दुसरा प्रकार काँक्रीटच्या सुळक्यांचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनीने आपल्या पश्चिम सीमेवर असे हजारो सुळके ओळीने उभे केले. पुढच्या ओळीतील सुळके बुटके आणि मागचे उंच, अशी त्यांची रचना असे. दुरून पाहिले तर जमिनीतून दात वर आल्यासारखे दिसतात, म्हणून लोकांनी त्यांना 'ड्रॅगनचे दात' असे नाव दिले. रणगाडा त्यांच्यावर चढला की त्याचे पोट सुळक्यावर टेकते, पट्टे अधांतरी फिरत राहतात आणि तो जागच्या जागी लटकतो. जर्मनीच्या शेतांतून हे दात आजही दिसतात. ते फोडून काढण्याचा खर्च जमिनीच्या मोलाने परवडत नाही.

तिसरा प्रकार चेकोस्लोव्हाकियात तयार झाला. लोखंडाचे तीन जाड तुकडे मधोमध आडवेतिडवे जोडलेले असतात. कसेही पडले तरी त्यांची काही टोके जमिनीवर आणि काही टोके वर राहतात. हा अडथळा जमिनीत पुरलेला नसतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. रणगाड्याने त्याला ढकलले की तो गडगडत रणगाड्याच्याच पोटाखाली शिरतो आणि त्याला वर उचलून धरतो. रणगाडा जितका जोर लावील, तितका तो अधिक अडकतो. मला स्वतःला सगळ्या अडथळ्यांत हाच सर्वांत हुशारीचा वाटतो. 1941 साली जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आले, तेव्हा मॉस्कोच्या वेशीवर असेच लोखंडी काटे उभे होते. हजारो स्त्रियांनी हातात फावडी घेऊन शहराभोवती खंदक खणले होते.

एवढे वाचून तुम्हांला वाटेल, की असे अडथळे केले म्हणजे काम झाले. तसे नाही. जर्मनीच्या काँक्रीटच्या दातांची काय गत झाली पाहा. 1944 साली अमेरिकन सैन्य तेथे पोहोचले, तेव्हा काही ठिकाणी दातांच्या मागे पुरेसे सैनिकच नव्हते. अमेरिकनांनी बुलडोझरने दातांवर माती लोटली आणि त्या मातीवरून रणगाडे पलीकडे नेले. अडथळ्यामुळे रणगाडा थोडा वेळ थांबतो, किंवा वळून दुसरी वाट धरतो. तेवढ्या वेळात, त्या वाटेवर, कोणीतरी तोफ रोखून बसलेले असावे लागते. तसे कोणी नसेल, तर खंदक म्हणजे नुसता मोठा खड्डा. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच देशातले आहे आणि त्यात डेक्कन हॉर्सच पुन्हा भेटते.

सप्टेंबर 1965 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांचे युद्ध पेटले. पंजाबात खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानचे रणगाड्यांचे दल आत शिरले. त्यांच्याकडे अमेरिकेने दिलेले पॅटन रणगाडे होते. बियास नदीचा पूल गाठून अमृतसरची वाट तोडायची, असा त्यांचा बेत होता. समोर भारताची चौथी डोंगरी डिव्हिजन होती. मेजर जनरल गुरबक्षसिंग हे तिचे प्रमुख होते. ही डिव्हिजन मागे सरकली आणि असल उत्तर या गावाजवळ तिने मोर्चे बांधले. मोर्चांचा आकार घोड्याच्या नालासारखा होता. तोंड उघडे, तीन बाजू बंद.

या मोर्चांत डेक्कन हॉर्स होती. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य. ते मूळचे अलिबागचे. त्यांच्याजवळ शर्मन जातीचे रणगाडे होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या लढाईतही याच जातीचे रणगाडे या रेजिमेंटने वापरले होते. पॅटनच्या मानाने शर्मन जुने आणि त्यांची तोफही लहान. समोरासमोर उघड्या मैदानात लढाई झाली असती, तर निकाल वेगळा लागला असता. म्हणून मैदान उघडे ठेवायचेच नाही, असे ठरले.

येथे ना काँक्रीट होते, ना लोखंडी काटे. वेळही नव्हता. पण तो कालव्यांचा मुलूख होता. कालवे फोडून शेतांत पाणी सोडण्यात आले. पाटाचे पाणी शेतात शिरले म्हणजे काय होते, हे सिद्धेश्वर किंवा येलदरी धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या घरातील मुलांना सांगायला नको. वरून जमीन धड दिसते आणि पाय ठेवला की घोट्याएवढा आत जातो. रणगाड्याचे पट्टे कितीही रुंद असले, तरी पाण्याने भिजून लोण्यासारख्या झालेल्या मातीवर त्यांचा इलाज चालत नाही. पट्टे जागच्या जागी फिरतात आणि रणगाडा स्वतःच आपल्यासाठी खड्डा खणत जातो.

शेतांत उंच ऊस उभा होता. उसाच्या आड भारतीय रणगाडे आणि तोफा दबा धरून बसल्या होत्या. 10 सप्टेंबरला पॅटन रणगाडे पुढे आले. काही सरळ चिखलात गेले आणि रुतले. काहींनी चिखल टाळण्यासाठी तोंड वळवले आणि वळताना त्यांची पातळ चिलखताची बाजू भारतीय तोफांसमोर आली. घोड्याच्या नालाचा आकार कशासाठी होता, हे येथे कळते. वाट पाण्याने बंद केली होती. जी उघडी ठेवली होती, ती तोफांच्या तोंडाशी जात होती.

याच रणभूमीवर चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद लढत होते. ते उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याच्या धामूपूर गावचे. जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ त्यांच्याजवळ होती. जीपला चिलखत नसते. एक गोळा पुरे. तोफ डागली की मागे धूळ उडते, आग दिसते आणि आपली जागा शत्रूला कळते. म्हणून गोळा मारायचा आणि लगेच जागा बदलायची, असे त्यांना करावे लागत होते. त्यांनी एकामागून एक रणगाडे निकामी केले. 10 सप्टेंबरला एका रणगाड्याचा नेम धरलेला असतानाच ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. वैद्यांना महावीरचक्र मिळाले.

भारतीय सैन्याच्या मोजणीनुसार या लढाईत पाकिस्तानचे 97 रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. कित्येक तर चिखलात जसेच्या तसे सोडून दिलेले होते. ते भिखीविंड येथे आणून ठेवले आणि त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. असल उत्तर या नावाचा अर्थ 'खरे उत्तर' असा होतो. नाव गावाचे जुनेच आहे, लढाईनंतर दिलेले नाही. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे एक पॅटन उभा आहे. कधी गेलात तर तोफेपेक्षा त्याचे पट्टे नीट पाहा. एवढे रुंद लोखंड पाण्याने भिजलेल्या शेतापुढे हरले, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

पाणी दोन्ही बाजूंना सारखेच अडवते, हेही सांगितले पाहिजे. त्याच महिन्यात भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने गेले, तेव्हा इच्छोगिल कालव्यापाशी त्यांना थांबावे लागले. पाकिस्तानने हा कालवा शेतीबरोबर संरक्षणाचाही विचार करून बांधला होता. पूल उडवले की कालव्याचा खंदक होतो.

सहा वर्षांनी डाव उलटा पडला. डिसेंबर 1971 मध्ये वैद्य ब्रिगेडियर होते आणि रणगाड्यांची एक ब्रिगेड त्यांच्या हाताखाली होती. या वेळी अडथळा शत्रूचा होता आणि तो त्यांना ओलांडायचा होता. शकरगडच्या भागात बसंतर नदीच्या आसपास पाकिस्तानने जमिनीत सुरुंग पेरले होते. सुरुंग हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट अडथळा. तो दिसत नाही. थाळीएवढा डबा, आत स्फोटक, वर थोडीशी माती. रणगाडा त्याच्यावर आला की स्फोट होतो आणि पट्टा तुटतो. पट्टा तुटला की रणगाडा थांबतो आणि थांबलेला रणगाडा तोफेला सोपे लक्ष्य असतो.

सुरुंग काढण्याचे काम सफरमैना पलटणीचे. हे सैनिक लोखंडी सळई तिरपी धरून हलकेच जमिनीत खुपसतात आणि कठीण काही लागले की हाताने माती बाजूला करतात. काही रणगाड्यांच्या पुढे जड रूळ बसवलेले असतात. ते सुरुंग आधीच फोडत जातात. अशा रीतीने सुरुंगांच्या शेतातून एक अरुंद वाट तयार होते आणि दोन्ही कडांना खुणा लावतात. 15 डिसेंबरच्या रात्री हे काम चालू होते. वरून तोफगोळे पडत होते. वाट पुरी झाली नव्हती, तोच पलीकडे पोहोचलेल्या आपल्या पायदळावर शत्रूचे रणगाडे चालून येत असल्याची खबर आली. पूना हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग होते. न काढलेल्या सुरुंगांतून रणगाडे पुढे नेण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि रणगाडे पार झाले. दुसऱ्या दिवशी पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढताना शहीद झाले. त्यांचा जन्म पुण्याचा. वय अवघे एकवीस. त्यांनाही परमवीरचक्र मिळाले. वैद्यांना या युद्धात दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. 1983 ते 1986 या काळात ते भारताचे सेनाप्रमुख होते. निवृत्तीनंतर 10 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

आज रणगाडे अधिक चांगले आहेत आणि अडथळे ओलांडण्याची साधनेही सुधारली आहेत. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने ट्रकवरून नेता येणारे 'सर्वत्र' नावाचे पूल तयार केले आहेत. कांब्रेच्या काटक्यांच्या मोळीचेच हे पुढचे रूप. तरीसुद्धा जुने अडथळे कालबाह्य झालेले नाहीत. युक्रेनमध्ये 2022 नंतर शेकडो किलोमीटर लांबीचे खंदक खणले गेले, काँक्रीटचे दात पुन्हा उभे राहिले आणि 2023 साली तेथील सुरुंगांच्या पट्ट्यांनी अगदी नवे रणगाडेही अडवून धरले.

खंदक बुजवता येतो. पाणी सोडले तर चार आठवड्यांत जमीन वाळते आणि पुढच्या हंगामात तेथे पेरणी होते. असल उत्तरच्या शेतांत तसेच झाले. सुरुंगाचे मात्र तसे नाही. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या पावलाने सहसा फुटत नाही. त्याला शंभर किलोंहून पुष्कळ जास्त भार लागतो. पण ट्रॅक्टरचा किंवा भरलेल्या गाडीचा भार तेवढा असतो. शिवाय हे सुरुंग कोणी हाताने काढू नयेत म्हणून त्यांच्या आसपास माणसांना मारणारे लहान सुरुंगही पेरतात. या लहान सुरुंगांवर बंदी घालणारा करार 1997 साली झाला. भारत आणि पाकिस्तान यांनी त्यावर सही केलेली नाही. रणगाडाविरोधी सुरुंग तर त्या करारात येतच नाहीत.

डिसेंबर 2001 मध्ये दोन्ही देशांचे सैन्य सीमेवर समोरासमोर आले. युद्ध झाले नाही. पण पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवर शेतजमिनींत मोठ्या प्रमाणात सुरुंग पेरले गेले. शेतकऱ्यांना आपल्याच शेतात पाऊल टाकता येईना. गुरे मेली, माणसांचे पाय गेले. सैन्य मागे आल्यावर सुरुंग काढण्याचे काम सुरू झाले. प्रत्येक सुरुंग कोठे पुरला याचा नकाशा सैन्याजवळ असतो. पण पावसाने माती वाहते, ओढ्याला पूर येतो, वाळू सरकते आणि मातीबरोबर सुरुंगही सरकतो. मग नकाशात जेथे खूण आहे तेथे तो सापडत नाही. शेजारच्या, साफ म्हणून जाहीर झालेल्या शेतात तो असू शकतो, आणि ते शेत नांगरायला ट्रॅक्टर घेऊन कोणीतरी निघालेला असतो.